एकतीस नमस्कार

पहिला पाहुणा मंगळवारी सकाळी पावणेदहाला आला. त्याच्या मानेवर डोक्याच्या जागी लाल मोटारसायकल होती. तिचे आरसे चौकटीला लागू नयेत म्हणून तो जरा तिरका होऊन आत शिरला. चपला त्याने बाहेर नीट जोडून काढून ठेवल्या होत्या.

"या," मी म्हणालो. "बसा."

मी सगळ्यांनाच या, बसा म्हणतो. वीजबिल टाकायला आलेल्या माणसालाही म्हणतो. आमच्या पुढच्या खोलीत एक दिवाण आहे, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, आणि पार आतल्या कोपऱ्यात जुन्या खिडकीखाली एक वेताची खुर्ची आहे. मागची खोली आम्ही नंतर बांधली, त्यामुळे एके काळी बाहेर उघडणारी ती खिडकी आता दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत राहिली आहे. वेताची खुर्ची सगळ्यांत आरामाची म्हणून मी तिच्याकडे हात केला. पाहुण्याने तिकडे पाहिलं, तिथे आधीच कुणी बसलेलं असावं तशी मान किंचित लववली आणि तो दिवाणावर बसला. खोलीत निशिगंधाचा वास येत होता. आमच्याकडे निशिगंध नाही. शेजारून येत असेल, असं मला वाटलं.

"काय काम काढलंत?" मी विचारलं.

"मावशी, आधी घरातली भांडी घासून घ्या," तो म्हणाला.

आवाज रागाचा नव्हता. हवापाण्याचं बोलावं तसा होता. भांडी सकाळीच झाली, असं मी सांगितलं. तो पुन्हा म्हणाला, "मावशी, आधी घरातली भांडी घासून घ्या." मी त्याच्यापुढे चहा ठेवला. चहाकडे बघून त्याने तेच म्हटलं. त्याच्याजवळ तेवढं एकच वाक्य होतं. ते मला ओळखीचं वाटलं, कारण मी ते वाचलेलं होतं.

माझी बायको हेमलता आयटीआयमध्ये एकोणतीस वर्षं मोटर वाइंडिंग शिकवत होती. जळलेल्या मोटरच्या पोटातली काळी तार काढायची आणि नवी तांब्याची तार भरायची, हे ते काम. पहिल्या वर्षी पहिल्या दिवशी ती वर्गात उभी होती आणि मुलं अर्धा तास सरांची वाट बघत बसली होती. शेवटी एकाने विचारलं, "मॅडम, सर कधी येणार?" ती म्हणाली, "आले की सांगते, तोवर मोटरचा स्टेटर उघडा." निवृत्तीनंतर ती मागच्या खोलीत तेच काम करते. बोअरच्या मोटरी येतात, मिक्सर येतात, एकदा पिठाच्या गिरणीची आली होती, ती चौघांनी उचलून आणली. आमची मुलगी गार्गी बडोद्याला असते. दिवाळीत आली तेव्हा तिने फोन स्टुलावर उभा केला आणि आईचा सात मिनिटांचा व्हिडिओ केला. मोटर जळली आहे हे वासावरून कसं ओळखायचं, एवढंच त्यात होतं. तो पुष्कळ लोकांनी पाहिला.

हेमलताचा फोन साधा, बटणांचा. तिच्या बोटांना कायम तारेवर चढवायचं वार्निश लागलेलं असतं, तिला दुसरा फोन चालत नाही. त्यामुळे व्हिडिओखाली लोक काय लिहितात ते माझ्या फोनवर येऊ लागलं. बरेच जण चांगलं लिहीत होते. त्यांना मी काही उत्तर दिलं नाही. कौतुकाला काय उत्तर द्यायचं हे मला कधीच समजलेलं नाही. वाईट लिहिणाऱ्यांना मात्र मी उत्तर दिलं. मी छत्तीस वर्षं एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. तिथे एखादा सभासद आवाज चढवून बोलायला लागला की मी काही न बोलता हात जोडायचो. माणूस माझ्या हातांकडे बघायचा आणि त्याचा आवाज खाली यायचा. मला आयुष्यात साधलेली ही एकच युक्ती. म्हणून प्रत्येक वाईट ओळीखाली मी जोडलेल्या हातांचं ते छोटं चित्र टाकलं. मी मोजले होते. एकतीस झाले.

मी मागच्या खोलीत जाऊन हेमलताला सांगितलं.

"कोण आलंय म्हणता?"

"तुझ्या व्हिडिओखाली लिहिलं होतं त्यातला एक. नावाशेजारी मोटारसायकलचा फोटो लावलेला."

"काय म्हणतोय?"

"आधी भांडी घास म्हणतोय."

"मग सांगा की त्याला, भांडी तुम्ही घासता म्हणून."

मी हसलो. पण बाहेर जाऊन सांगितलं नाही.

आमच्या घरात स्वयंपाक मी करतो. सत्तावीस वर्षं करतो आहे. तिची ड्यूटी सकाळी साडेसातची आणि वाचनालय उघडायचं दुपारी, त्यातून ते ठरत गेलं. हेमलताला कणीक भिजवता येत नाही. तारेचा अंदाज तिच्या बोटांना आहे, पाण्याचा नाही. माझ्या उजव्या तळव्यावर अंगठ्याच्या मुळाशी तव्याच्या कडेने भाजल्याचा जुना डाग आहे, चंद्रकोरीसारखा. हात जोडले की तो दिसत नाही.

हे बाहेर कुणाला ठाऊक नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीला मी जाड पडदा लावलेला आहे. बेल वाजली की खांद्यावरचा पंचा मी खुंटीला टांगतो आणि हात धुऊन हातात पुस्तक घेतो. एकदा शेजारच्या सरवदे वहिनी बेल न वाजवता मागच्या दाराने आल्या. मी घाबरून लाटणं हेमलताच्या हातात दिलं. ती ते पान्ह्यासारखं धरून उभी राहिली. मग जेवताना म्हणाली, "लाटणं कसं धरतात तेवढं तरी सांगून ठेवत जा."

मंगळवारी संध्याकाळपर्यंत आणखी चौघे आले. एकाला डोक्याच्या जागी गुलाब होता आणि त्याच्या पाकळ्यांवर पाण्याचे थेंब तसेच होते. तो म्हणत होता, "घरात पुरुष माणूस नाही का?" एकाला मानच नव्हती. नुसती पिळदार छाती आणि दंड होते, आणि आवाज छातीतून यायचा. "नवऱ्याला बांगड्या भरा," एवढंच तो म्हणायचा. एकाचं डोकं म्हणजे वाढदिवसाची टोपी घातलेलं दोन वर्षांचं बाळ होतं, आणि ते जड आवाजात म्हणायचं, "या वयात शोभतं का हे?" चौथी बाई होती. तिच्या चेहऱ्याच्या जागी पैठणीचा मोर होता. ती फार चांगली बसली, पदर सावरून. म्हणाली, "आम्हीपण शिकलोय, पण असं प्रदर्शन मांडत नाही."

कुणी जागेवरून भांडलं नाही. बुधवारी दहा आले. त्यांच्यातल्या एकाने व्हिडिओखाली नुसते हसण्याचे तीन चेहरे पाठवले होते, त्यामुळे तो बोलत नव्हता. तीनदा हसायचा, डोळे पुसायचा आणि थांबायचा. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मी सरवदे वहिनींकडे गेलो. त्या स्वतःच खुर्च्या घेऊन आल्या, दोन्ही हातांत दोन दोन, आणि दारात थबकल्या.

"अगं बाई! काका, एवढे पाहुणे? गार्गीचं लगीन तर कधीच झालं की हो."

"हेमलतासाठी आलेत."

"बघायला?"

"हो. तसंच म्हणायचं."

"मग पोहे टाका की. हेमाताईंना सांगा, मी येऊन कांदा चिरते. आणि माझी मोटर कधी देणार विचारा बरं. चार दिस झाले, टँकरच्या पाण्यावर काढायलोय आम्ही."

खुर्च्या मांडून त्या निघून गेल्या. मी आत जाऊन पोहे केले आणि बाहेर आणताना म्हणालो, "हेमलताने केलेत." कुणी खाल्ले नाहीत. मोराने मात्र मान हलवली.

पोह्यांच्या रिकाम्या न झालेल्या बश्या उचलताना मला कळलं, की खोली लांब झाली आहे. पंखा पूर्वी दिवाणाच्या वर होता, आता तो दिवाणापासून बारा पावलांवर फिरत होता. मी हेमलताकडून टेप मागून घेतला. एक पाहुणा आला की पुढची खोली वीतभर वाढत होती, आणि मागची चार बोटं कमी होत होती. दोन्हींचा मेळ बसत नव्हता. कदाचित माझ्या मोजण्यात चूक होत असेल. बाहेरून घर होतं तेवढंच होतं. मी कंपाउंडला फेरी मारून पाहिली.

"तुझी खोली चार फूट कमी झाली आहे," मी हेमलताला म्हणालो.

"पावणेचार," ती म्हणाली. "सकाळी फळी गेली, आता पेटी ठेवायला जागा नाही. तरी बरं, तार गुंडाळायचं मशीन बसतंय."

ती सरवदे वहिनींच्या मोटरची वेटोळी भरत होती. त्या मशीनला एक लांब दांडा असतो. तो हाताने गोल फिरवायचा, एका वेटोळ्याला साठ फेरे. ती मनाशी मोजते, ओठ हलतात. मी दारात उभा राहून बघत होतो. बाहेर गुलाब म्हणाला, "घरात पुरुष माणूस नाही का?" आणि दांड्याचं टोक भिंतीला लागलं. टक. फक्त एकदाच, वरून खाली येताना. हेमलताने स्टूल दोन बोटं पुढे ओढलं.

"किती झाले माझे?"

"एकेचाळीस," मी म्हणालो.

"अहो, त्यांना उठवा आता."

"कसं?"

"उठा म्हणायचं."

"आलेल्या माणसाला उठा कसं म्हणणार?"

ती माझ्याकडे बघत राहिली. वाचनालयात शांतता राखा असं मी कधी तोंडाने म्हणालो नाही, त्याची पाटी करून घेतली होती, हे तिला माहीत आहे. पाटीही तिनेच ठोकली होती.

"तू थोडे दिवस गार्गीकडे जाऊन येतेस का?" मी विचारलं.

"मी का उठू? माझं काम चालू आहे. उठायचं त्यांनी." आणि ती बेचाळीसपासून पुढे मोजायला लागली.

गुरुवारी दुपारपर्यंत एकतीसही जण येऊन बसले. गार्गीचा फोन आला.

"बाबा, त्या घाणेरड्या लोकांना नमस्कार का केलेत तुम्ही? एकतीस!"

"गप्प बसतील म्हणून."

"अहो, त्यांना वाटतं तुम्हाला पटलं! माझ्या नवऱ्यानेसुद्धा विचारलं, तुझ्या बाबांचं असंच मत आहे का म्हणून. आई काय म्हणते?"

"ती काम करते आहे. जागा थोडी कमी आहे."

"काढून टाका ते नमस्कार. एकेक दाबून धरायचा, खाली पर्याय येतो. जमेल ना?"

जमलं. फोन टेबलावर ठेवून मी एकेक नमस्कार दाबून धरला आणि काढला. पहिला निघाला तेव्हा माझ्या तळहातांना थोडी ओढ लागली, दोन ओले कागद जवळ आल्यावर लागते तशी. दहाव्याला हात आपोआप जुळले आणि मी ते जोर लावून सोडवले. फोनवरून निघालेला नमस्कार कुठेतरी जायला हवाच होता. विसाव्यानंतर मी जोडलेल्या हातांच्या करंगळ्यांनी काम केलं. एकतिसावा निघाला आणि हात सुटेनात.

पाहुणे उठले नाहीत. ते माझ्या हातांकडे बघत होते, आणि हात जोडलेलेच होते.

फोनच्या पडद्यावर सगळ्यांत वर आणखी एक ओळ उरली होती. ती पहिल्या दिवसाची होती. कुणाची ते बघावं म्हणून मी फोन जवळ ओढायला गेलो, तर तो टेबलावरून खाली पडला आणि दिवाणाखाली सरकला. वाकून काढायला हात मोकळे नव्हते.

शुक्रवारी सकाळी मी कोपरांनी डबा उघडला आणि मनगटांनी पीठ परातीत पाडलं. त्यापुढे काही करता येईना. मागच्या खोलीचं दार स्वयंपाकघरात उघडतं. ते आता माझ्या पंजाएवढं रुंद राहिलं होतं. हेमलता त्यातून निघू शकत नव्हती. तिचा एक डोळा, अर्धं कपाळ आणि चष्म्याची एक काडी मला दिसत होती.

"जेवायचं काय?" तिने विचारलं.

"हात सुटत नाहीत."

"दाखवा." मी हात फटीशी नेले. तिने एका बोटाने चाचपून पाहिलं. "वार्निश वाळल्यासारखे बसलेत," ती म्हणाली. "आतून गरम करावे लागतील, नाहीतर पात्याने उकलावे लागतील. मला इथून कोपर हलवता येत नाही. तुम्ही आधी त्यांना उठवा."

"किती फेरे राहिलेत?"

"शेवटच्या वेटोळ्याचे बावीस. दांडा आता पूर्ण फिरत नाही. अर्धा पुढे, अर्धा मागे असं करून कुठे वाइंडिंग होतं का?"

तेवढ्यात मागच्या दाराने सरवदे वहिनी आल्या. हातात झाकलेली वाटी होती. त्यांनी परातीकडे पाहिलं, ओट्यावर सांडलेल्या पिठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्यांना नमस्कार करतो आहे असं त्यांना वाटलं असावं. त्यांनीही वाटी सांभाळत मान लववली.

"कणीक तशीच टाकलीय ती? हेमाताईंना बरं नाही का काका?"

मला आता वाटतं, तिथे मी सांगू शकलो असतो. वहिनी चांगल्या आहेत. त्या फार तर हसल्या असत्या आणि संध्याकाळपर्यंत कॉलनीत चार घरी बोलल्या असत्या. मी तोंड उघडलं. बाहेर ती पिळदार छाती म्हणाली, "नवऱ्याला बांगड्या भरा." माझी मनगटं गार पडली.

"हो," मी म्हणालो. "बरं नाही तिला. नाहीतर तिने केव्हाच पोळ्या केल्या असत्या."

भिंत चार बोटं सरकली. चुन्याचे बारीक कण खाली पडले.

"अहो," आतून हेमलताचा आवाज आला, "आता कोण आलं?"

"कुणी नाही. वहिनी आहेत."

"मग भिंत का सरकली?"

वहिनी वाटी ठेवून निघाल्या होत्या. जाता जाता त्यांनी पुढच्या खोलीत डोकावलं.

"अजून बसलेत होय हे? आणि उठणार कधी?"

"मी सांगतो आहे त्यांना," मी म्हणालो. हेही खोटं होतं.

"पण तुम्ही कुणाला सांगायलात? पंगतीत पहिला बसलेला उठल्याशिवाय दुसरं कुणी उठतं का? त्या पहिल्याला सांगा की."

"मोटारसायकलवाला पहिला आला."

"तो दिवाणावर बसलाय. पहिला आलेला माणूस वेताची खुर्ची सोडून दिवाणावर कशाला बसेल काका?" असं म्हणून त्या गेल्या.

शनिवारी दाराची फट मिटली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर जिथे दार होतं तिथे रंगाची एक उभी रेघ राहिली. मी तिला कान लावला. आतून तारेचा आवाज येत होता, हळू, अडकत. मग तोही थांबला.

मी पुढच्या खोलीत गेलो आणि आतल्या कोपऱ्याकडे चालायला लागलो. रस्ता लांब होता. दोन्ही बाजूंना सरवदे वहिनींच्या खुर्च्यांवर आणि आम्ही कधी न आणलेल्या खुर्च्यांवर पाहुणे बसले होते. मी जवळून गेलो की प्रत्येक जण आपलं वाक्य म्हणायचा. मोराने पदर आवरून मला वाट दिली. हसणारा तीनदा हसला. एका पाहुण्याच्या मानेवर मावळतीचा समुद्र होता. "बायकांचं डोकं असल्या कामात चालत नाही," असं म्हणताना त्याच्या लाटा आमच्या फरशीवर येऊन परत जात होत्या. माझे पाय ओले झाले. प्रत्येक वाक्यागणिक समोरची भिंत कागदाच्या जाडीएवढी लांब जात होती. मला वाटलं, मी कधीच पोचणार नाही. चालताना मी दोनदा परत फिरायचा विचार केला, तोही इथे सांगायला हवा. परत फिरलो असतो तर पुन्हा त्या सगळ्यांसमोरून जावं लागलं असतं, म्हणून मी पुढे गेलो.

निशिगंधाचा वास वाढत गेला. मग जुनी खिडकी दिसली, आणि तिच्याखाली वेताची खुर्ची.

खुर्चीत जो बसला होता त्याच्या मानेवर चेहरा होता. इतरांसारखं दुसरं काही नव्हतं. पांढरा सदरा, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, आणि गळ्यात गुडघ्यापर्यंत आलेला निशिगंधाचा हार. हाराचं पाणी सदऱ्यावर उतरत होतं. वाचनालयातल्या निरोप समारंभात माझा असा फोटो काढला होता. गार्गीने तोच माझ्या फोनवर लावून दिला आहे, माझ्या नावाशेजारी, नखाएवढा. त्याचे हात जोडलेले होते.

"तुम्ही कधी आलात?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. भिडस्त माणूस होता, नजर लगेच खाली गेली.

"घरचं सगळं सांभाळून करते हो ती," तो म्हणाला. "स्वयंपाकही उत्तम करते."

मला आठवलं. व्हिडिओ आला त्याच दिवशी मोटारसायकलवाल्याची ओळ मी पाहिली आणि मला वाटलं, आपण तिच्या बाजूने काहीतरी लिहिलं पाहिजे. मी दुपारभर लिहीत होतो. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी ही दोन वाक्यं राहिली. ती मला बरी वाटली. खरं सांगायचं तर धाडसाची वाटली. ती पाठवून मी कुकर लावायला गेलो होतो.

"उठा," मी म्हणालो.

माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

"घरचं सगळं सांभाळून करते हो ती," तो म्हणाला, आणि भिंत सरकली. आत काहीतरी लोखंडी पडलं.

"अहो," खिडकीतून हेमलताचा आवाज आला. खिडकीच्या गजांमागे तिचा गाल आणि कान दिसत होते. तिला मान वळवायला जागा नव्हती. "कुणाशी बोलताय?"

"वेताच्या खुर्चीत आहे त्याच्याशी."

"कोण आहे?"



"मीच आहे," मी म्हणालो.

ती म्हणाली, "काय म्हणतोय?"

"तू घर सांभाळून हे करतेस म्हणतोय. स्वयंपाकही उत्तम करतेस."

"मी?"

एवढंच. ती हसली असावी. तिचा श्वास अडकत होता, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. "आणि तुम्ही काय म्हणताय?" तिने विचारलं.

खुर्च्या वाजल्या. एकतीस जण माझ्याकडे वळून बसले होते. मोटारसायकलचा दिवा माझ्या तोंडावर पडला. मी माझ्या हातांकडे पाहिलं. ते जोडलेले होते, म्हणून मी ते छातीपासून जरा लांब धरले.

"पोळ्या मी करतो," मी म्हणालो.

"मोठ्याने," हेमलता म्हणाली.

"पोळ्या मी करतो. सत्तावीस वर्षं मी करतो. तिला कणीक भिजवता येत नाही, आणि बुधवारचे पोहेही मीच केले होते."

मंगळवारपासून पहिल्यांदाच घरात एकही वाक्य नव्हतं. भिंत थांबली. समुद्राची लाट अर्ध्या फरशीवर येऊन तिथेच राहिली. मग वेत करकरलं आणि हार घातलेला उठून उभा राहिला. तो उठताच सगळे उठले. एकतीस खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज लांबवर जात राहिला. पण दाराकडे कुणी गेलं नाही. ते आम्हा दोघांकडे बघत उभे होते. आधी आमच्यातल्या एकाने जायला हवं होतं.

तो माझ्याच उंचीचा होता. त्याने नारळ खुर्चीत ठेवला नव्हता, पण तो आता कुठे दिसत नव्हता. माझ्या खांद्यांना काहीतरी ओलं लागलं. मी खाली पाहिलं तर हार माझ्याही गळ्यात होता.

"पोळ्या मी करतो," तो म्हणाला. "सत्तावीस वर्षं मी करतो."

आवाज माझा होता. तो माझ्यापेक्षा नीट बोलला, मध्ये न अडखळता.

"दोघंही तेच म्हणताय," हेमलता आतून म्हणाली. "खिडकीशी या. तव्याचा डाग दाखवा."

आम्ही दोघं खिडकीशी गेलो आणि हात पुढे केले. दोघांचे हात जोडलेले होते.

"उघडा."

"उघडत नाहीत," आम्ही म्हणालो.

गजांमधून तिचा हात बाहेर आला, मनगटापर्यंत. त्यापुढे यायला आत जागा नव्हती. बोटं वार्निशने काळी होती आणि त्यांत स्क्रूड्रायव्हर होता. तिला आमच्याकडे बघता येत नव्हतं. तिने चाचपडत दोघांपैकी एकाच्या जोडलेल्या हातांची कड शोधली, अंगठ्याच्या मुळाशी, आणि पात्याचं टोक सांध्यात बसवलं.

"लागेल जरा," ती म्हणाली.

गार लोखंड मला लागलं. समोरच्याने डोळे मिटून घेतले.